गाणं आधी ऐक, मग बघ

बाळा, तुझा निरोप मिळाला, व्हिडिओही मिळाला. तुझ्या कॉलेजातल्या चौघांनी गाणं रचलं, गायलं, फोनवर चित्रित केलं आणि आता त्यांच्या सर्जनशील निवडींचं विश्लेषण तुला लिहायचं आहे. सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. आत्यानं आयुष्य एडिटिंगच्या टेबलावर काढलंय. फिल्म कापून चिकटवायची तेव्हापासून ते माऊसनं कापायची वेळ आली तोवर. आमच्या गुरुजींनी जे कानात सांगितलं आणि पुढे कामानं जे शिकवलं, ते तुला सांगते. वहीत उतरवून ठेव.

सगळ्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, तो आधी सांगते. पडद्यावर जे दिसतं त्याच्या जागी दुसरं काय येऊ शकलं असतं आणि ते आलं असतं तर गाण्याचं काय गेलं असतं? गुरुजी आम्हाला प्रत्येक शॉटला हे विचारायला लावायचे. निवड म्हणजे नाकारलेल्या गोष्टींचीही यादी असते. ती यादी डोळ्यांपुढे आली नाही तर विश्लेषण होत नाही, नुसतं वर्णन होतं. "इथे क्लोजअप आहे, तिथे स्लो मोशन आहे" हे कुणालाही दिसतं. तुला त्यापुढे जायचंय.

पहिला मंत्र: डोळे मिटून ऐक

व्हिडिओ लाव आणि स्क्रीन पालथी ठेव. गाणं पूर्ण ऐक. दुसऱ्यांदा ऐकताना कागदावर नकाशा काढ: सुरुवातीचं संगीत किती सेकंद, मुखडा कुठे, पहिला अंतरा कुठे, मधलं वाद्यसंगीत कुठे, आवाज कुठे चढतो, कुठे एकटाच उरतो, ढोलकी कधी येते, कधी थांबते. मी तुझ्यासाठी हे करून पाहिलं. गाणं 3 मिनिटं 40 सेकंदांचं आहे. पहिल्या मुखड्यात फक्त गिटार आहे, ढोलकी दुसऱ्या मुखड्याला येते आणि दुसऱ्या अंतऱ्यात पुन्हा गप्प होते. व्हिडिओतल्या सगळ्या मोठ्या निर्णयांची किल्ली या एवढ्या माहितीत आहे. ढोलकी गप्प होते तेव्हा चित्र काय करतं, हे आता तू मुद्दाम बघशील. आधी ऐकलं नसतंस तर ते निसटलं असतं.

दुसरा मंत्र: मग आवाज बंद करून बघ

आता उलट कर. आवाज शून्यावर आण आणि चित्र बघ. गोष्ट कळते का? मुलगी गाव सोडून शिकायला आली आहे, हे शब्दांशिवाय कळतं का? या व्हिडिओत कळतं. एसटीची खिडकी, मांडीवरची कापडी पिशवी, हॉस्टेलच्या गॅलरीत वाळत घातलेल्या तिघींच्या ओढण्या, त्यातली एक वेगळ्या बाजूला, हे सगळं काही न ऐकता बोलतं.

आवाज बंद असताना हालचालीची दिशाही दिसते. एसटी डावीकडून उजवीकडे जाते. मुलगी आठवणीत घरी जाते तेव्हा ती उजवीकडून डावीकडे चालते. चौघांनी हे ठरवून केलंय की आपोआप झालंय, ते तुला माहीत नाही. पण बघणाऱ्याला जाणं आणि परतणं वेगळं कळतं, म्हणून त्याची नोंद व्हायलाच हवी. हेतू त्यांचा, परिणाम बघणाऱ्यावरचा. परीक्षणात आधी परिणाम लिहायचा. हेतू नंतर त्यांना विचार आणि दोन्ही जुळतात का ते बघ.

तिसरा मंत्र: शब्द आणि चित्र यांचं नातं ओळख

म्युझिक व्हिडिओचा अभ्यास करणाऱ्या अँड्र्यू गुडविन यांनी 1992 साली आपल्या पुस्तकात या नात्याचे तीन प्रकार मांडले. चित्र शब्दांचाच अर्थ दाखवतं, तो अर्थ वाढवतं, किंवा त्याच्यापासून फटकून वागतं. तुमच्या अभ्यासक्रमात हे येईलच. मी ते कामाच्या भाषेत सांगते: चित्र गाण्याची री ओढतंय, भर घालतंय की वेगळीच वाट धरतंय?

विद्यार्थ्यांच्या कामात री ओढणं फार असतं. शब्दात पाऊस आला की पाऊस दाखवायचा, आरसा आला की आरसा. यात पाप नाही, पण ओळीमागून ओळ तसंच चाललं की बघणाऱ्याला काही शोधायला उरत नाही. या व्हिडिओच्या पहिल्या मुखड्यात घराचा उल्लेख येतो आणि लगेच घर दिसतं. दुसऱ्यांदा तोच मुखडा येतो तेव्हा हॉस्टेलची खोली दिसते, कुलूप लावलेली कपाटं, भिंतीवर आधीच्या कुणा मुलीनं चिकटवलेलं वेळापत्रक. शब्द तेच, पण अर्थाला भर पडली. तिसऱ्यांदा मुखडा येतो तेव्हा मुलगी मैत्रिणींबरोबर चहाच्या टपरीवर हसते आहे. गाणं घराबद्दल हळवं होतंय आणि चेहरा खुशीत आहे. मुखडा एकच, चित्रं तीन, आणि या तीन चित्रांतून मुलगी बदलत जाते. परीक्षणातला सगळ्यात भक्कम परिच्छेद यावर होईल. तिथे हात आखडता घेऊ नकोस.

आपल्या ओळखीतलं उदाहरण हवं असेल तर 'सैराट' (2016) पुन्हा बघ. नागराज मंजुळे यांच्या त्या सिनेमात मातीतल्या प्रेमाला अजय-अतुल यांनी पाश्चात्त्य सिंफनी ऑर्केस्ट्राचा आवाज दिला. शेत, विहीर, पळत सुटलेला नायक परश्या आणि त्यामागे व्हायोलिनचा मोठा ताफा. तिथे हलगी-ढोलकीही चालली असती. मग त्या पोराच्या मनातलं प्रेम एवढं प्रचंड वाटलं असतं का? "दुसरं काय येऊ शकलं असतं" हा प्रश्न असा विचारायचा.

चौथा मंत्र: कट मोज, पण तालाच्या मापानं

किती कट आहेत ते मोज, पण नुसती बेरीज उपयोगाची नाही. कुठे दाट आहेत, कुठे विरळ, ते बघ. हे गाणं मिनिटाला 90 ठोक्यांच्या आसपास आहे, म्हणजे एक ठोका दोन तृतीयांश सेकंदाचा. फोन सेकंदाला 30 फ्रेम घेतो, म्हणून एका ठोक्याला 20 फ्रेम. ठेका केरव्याचा आहे, आठ मात्रांचा, तेव्हा एक आवर्तन 160 फ्रेमचं, सव्वापाच सेकंदांहून थोडं जास्त. हा हिशेब टाइमलाइनशेजारी लिहून ठेवलास की कट समेवर (पहिल्या मात्रेवर) पडतो, खालीवर (पाचव्या मात्रेवर) पडतो की मधेच, ते लगेच दिसेल.

नवशिके एडिटर प्रत्येक कट समेवर टाकतात. पहिली दहा-पंधरा सेकंदं बरं वाटतं, मग डोळ्यांना पुढचं आधीच कळायला लागतं. या मुलांनी दुसऱ्या मुखड्यात ढोलकी आल्यावर 30 सेकंदांत 24 कट केलेत आणि जवळपास सगळे नेमके ठोक्यावर. तिथे गाणं दमवून टाकतं. पण दुसऱ्या अंतऱ्यात ढोलकी थांबते तेव्हा 40 सेकंदांत चारच शॉट आहेत. ताल नसताना चित्रानंही उसंत घेतली. या दोन जागा शेजारी ठेवून लिही. पहिलीत त्यांनी ताल पाळला, दुसरीत भाव पाळला आणि दुसरी जास्त लक्षात राहते.

'अपोकॅलिप्स नाऊ'च्या संकलनात आणि ध्वनिरचनेत काम केलेल्या वॉल्टर मर्च यांनी चांगल्या कटचे सहा निकष मांडले आणि त्यांना टक्केही दिले. भावनेला 51, गोष्टीला 23, लयीला 10 आणि उरलेले नजरेच्या प्रवासाला, पडद्याच्या द्विमितीय प्रतलाला आणि जागेच्या त्रिमितीय सलगतेला. लय तिसऱ्या क्रमांकावर आहे, हे ध्यानात ठेव. गाण्याच्या व्हिडिओत लयच सर्वस्व वाटते, तिथेही भावनेशी प्रतारणा करून साधलेली लय कोरडीच राहते. विजय आनंद यांनी 'गाइड' (1965) मधलं 'तेरे मेरे सपने' मोजक्याच लांब शॉटमध्ये घेतलं. माणसं जवळ येतात, लांब जातात, पुन्हा जवळ येतात आणि कॅमेरा त्यांच्याबरोबर सरकतो. तिथे कट नाहीत म्हणूनच त्या दोघांमधलं वचन अखंड वाटतं.

पाचवा मंत्र: एक जागा धरून खोल जा

सगळ्या व्हिडिओवर थोडं थोडं लिहू नकोस. एक कट निवड आणि त्याची साल सोलून काढ. मी निवडलेला सांगते.

दुसऱ्या अंतऱ्याच्या मध्यावर आईचे हात डब्याचं झाकण दाबून बसवतात. स्टीलचा डबा, झाकणावर एक पोचा. कट. तोच पोचा, तेच झाकण, पण आता मुलीचे हात ते उघडताहेत आणि खाली हॉस्टेलचं टेबल आहे. दोन्ही शॉटमध्ये डबा फ्रेममध्ये एकाच जागी आहे, त्यामुळे डोळा हलत नाही आणि मधला सगळा प्रवास त्या एका कटमध्ये मावतो. ढोलकी गप्प आहे, पण गिटारच्या एका झंकारावर झाकण बसतं आणि पुढच्या झंकाराच्या किंचित आधी ते उघडतं. ते किंचित आधी उघडणं फार छान जमलंय. भूक तालाची वाट बघत नाही, हे त्यातून कळतं.

आता आपला प्रश्न विचार. याच्या जागी काय आलं असतं? एसटी स्टँडवर डोळे पुसणारी आई. सोपं होतं, सगळ्यांनी केलेलं आहे, बघणाऱ्याला रडूही आलं असतं. मग काय गेलं असतं? आई या व्हिडिओत एकदाही रडत नाही, तिचा चेहरासुद्धा अर्धाच दिसतो. ती कामातून दिसते. स्टँडवरचं रडणं आलं असतं तर ही आई राहिली नसती, सिनेमातली आई झाली असती. हे तुझ्या शब्दांत लिही, पण एवढं खोल लिही.

सहावा मंत्र: ओठ कुणाचे हलतात ते बघ

गाणाऱ्या माणसाला कॅमेऱ्यापुढे गाताना दाखवायचं की गाणं नुसतं मागे वाजू द्यायचं, हा म्युझिक व्हिडिओतला मोठा निर्णय आहे. ओठ हलले की माणूस कुणाला तरी सांगतोय. ओठ मिटले की तेच शब्द मनात चाललेत. गुरुदत्त यांच्या 'कागज के फूल' (1959) मधलं गीता दत्त यांनी गायलेलं ते प्रसिद्ध गाणं बघ. रिकाम्या स्टुडिओत दोघं समोरासमोर उभे आहेत, कुणी गात नाही. आणि वरून येणारा तो झोत! व्ही. के. मूर्ती यांनी बाहेरचं ऊन आरशांनी परतवून आत आणलं होतं. साधनं अगदी साधी, पण दोन माणसांमधलं अंतर त्या उजेडानं दिसू लागलं.

तुझ्या कॉलेजातल्या मुलांच्या व्हिडिओत मुलगी मुखड्यात गाते आणि अंतऱ्यात ओठ मिटून घेते. डब्याच्या जागीही मिटलेलेच आहेत. हा नियम त्यांनी एकदाच मोडलाय, शेवटच्या ओळीला. तिथे ती अंतऱ्यातही गाते, गॅलरीत उभी राहून, मैत्रिणी मागे असताना. मनातलं पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाली. परीक्षणात नियम आधी सांग, मग तो मोडल्याची जागा दाखव.

सातवा मंत्र: निवड, नाइलाज आणि चूक वेगळ्या कर

विद्यार्थ्यांचं काम पाहताना हे सगळ्यात जास्त जपायचं. त्यांच्याकडे पैसा नसतो, वेळ नसतो, परवानग्या मिळत नाहीत. तेव्हा तीन रकाने कर.

पहिला रकाना निवडीचा. त्यातलं बरंच वर आलंय.

दुसरा नाइलाजाचा. एसटीत त्यांना ट्रायपॉड लावता आला नसावा, म्हणून सगळे शॉट हातातले, हलणारे आहेत. पण ती थरथर त्यांनी घरच्या शॉटमध्ये येऊ दिलेली नाही. घर स्थिर, प्रवास हलता. नाइलाजाला त्यांनी अर्थ दिला आणि हे कौतुकानं लिहिण्याजोगं आहे. मोठ्यांनाही असंच करावं लागतं. कोल्डप्लेच्या 'यलो' या 2000 सालच्या गाण्याचा व्हिडिओ इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या किनाऱ्यावर सगळ्या बँडला घेऊन करायचा होता. हवा बिघडली आणि ड्रम वाजवणाऱ्याच्या आईचा अंत्यविधी त्याच दिवशी होता. मग गायक एकटाच पहाटेच्या ओल्या वाळूवर चालत गायला आणि सगळा व्हिडिओ एकाच शॉटमध्ये झाला. कॅमेरा सेकंदाला 50 फ्रेमनं चालवला होता आणि गाणं दुप्पट वेगानं वाजवून त्यानं तसंच भरभर म्हटलं. नेहमीच्या वेगानं दाखवल्यावर ओठ गाण्याशी जुळले आणि लाटा, केस, कपडे तेवढे संथ झाले. स्लो मोशनमध्ये ओठ कसे जुळवतात, ही युक्ती तुझ्या मित्रांनाही सांग. त्यांच्या गॅलरीतल्या स्लो मोशनमध्ये ओठ मागे पडलेत.

तिसरा रकाना चुकांचा. हॉस्टेलच्या खोलीत ट्यूबलाइटखाली चित्रात काळे पट्टे सरकतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होते. फोननं शटर एक साठांश सेकंदाला ठेवलं की दोन्हींचा मेळ बसत नाही आणि पट्टे दिसतात. एक पन्नासांश किंवा एक शतांश ठेवलं असतं तर गेले असते. तसंच शेवटच्या मिनिटात ओठ आणि आवाज हळूहळू सुटत जातात. फोन पुष्कळदा फ्रेमचा वेग सारखा ठेवत नाही, त्याचा हा परिणाम असावा. अशा चुकांवर एकेक ओळ लिही, कारण आणि उपाय सांग आणि पुढे चल. चुकीत खोल अर्थ शोधत बसू नकोस. आणि एका चुकीसाठी सगळं काम खाली ओढूही नकोस.

आठवा मंत्र: तयार मिळालेलं काय, ते ओळख

रंगांकडे बघ. सावल्या निळ्या-हिरव्या आणि चेहरे नारिंगी, हा साचा ॲपमध्ये बोट लावलं की मिळतो. तो घरच्या शॉटलाही आहे आणि हॉस्टेलच्याही. मग दोन जागांमधला फरक रंगानं का सांगितला नाही? हा प्रश्न त्यांना जरूर विचार. चूल, कुडाची भिंत, दुपारचं पिवळं ऊन हे त्या फिल्टरखाली दबून गेलंय. ड्रोनच्या शॉटचंही तेच. गावावरून उडणारा तो शॉट देखणा आहे, पण सबंध व्हिडिओ त्या मुलीच्या नजरेतून चाललेला असताना आभाळातून कोण बघतंय? तो शॉट काढला तर गाण्याचं काय जातं? मला वाटतं, काहीच नाही.

कुणाच्या कामाचा प्रभाव दिसला तर तो नावानिशी लिही. प्रभाव असण्यात लाज नाही. काय घेतलं आणि त्यात स्वतःचं काय मिसळलं, एवढंच पाहायचं. आणि एक व्यवहाराचं: इथे गाणं त्यांचं स्वतःचं आहे म्हणून ठीक. दुसऱ्याचं गाणं घेतलं असतं तर आपल्या कॉपीराइट कायद्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. परीक्षेपुरतं केलेलं काम बाहेर दाखवण्याआधी त्यांनी हे पाहायला हवं. तेवढं त्यांच्या कानावर घाल.

नववा मंत्र: लिहिताना क्रम पाळ

प्रत्येक मुद्दा असा लिही: काय दिसतं किंवा ऐकू येतं, कितव्या सेकंदाला, त्यानं काय वाटतं, त्याच्या जागी काय येऊ शकलं असतं आणि हेच का बरं. "छान", "भारी", "प्रभावी" हे शब्द पहिल्या खर्ड्यात आले तरी चालतील. दुसऱ्या खर्ड्यात त्यातल्या प्रत्येकाच्या जागी कारण लिही. कारण सापडलं नाही तर तो मुद्दाच काढून टाक.

लिहून झालं की चौघांना भेट आणि हेतू विचार. तुला जे वाटलं त्याच्या उलट त्यांनी सांगितलं तर तुझं वाचन खोडू नकोस आणि त्यांचं म्हणणंही झटकू नकोस. दोन्ही मांड. हेतू आणि परिणाम यांच्यात जेवढं अंतर दिसेल, तेवढं शिकायला दोघांनाही मिळतं.

शेवटचा मंत्र: एकच सूचना, पुढच्या कामासाठी

परीक्षणाच्या शेवटी सूचनांची जंत्री देऊ नकोस. आमच्या गुरुजींनी कुणाच्याही कामावर एकापेक्षा जास्त सूचना दिल्याचं मला आठवत नाही, पण ती एक माणूस विसरायचा नाही. या मुलांना मी एवढंच सांगेन: तुम्हाला हातांवरून आई दाखवता येते, तेव्हा ड्रोन घरी ठेवा आणि पुढच्या वेळी आणखी जवळ जा. तू तुझी सूचना शोध. माझी उचलू नकोस. ती सापडेपर्यंत व्हिडिओ पुन्हा बघ, पुन्हा ऐक. चौघांनी रात्री जागून, अभ्यास सांभाळून, वर्गणी काढून हे केलंय. त्यांना तुझ्याकडून शाबासकी मिळेलच, पण त्यांचं काम कुणीतरी शॉट न् शॉट पाहिलंय, हे तुझ्या लिखाणातून त्यांना कळलं पाहिजे. खर्डा झाला की मला पाठव.